कायले जाचं तिकडं?

आमच्या सेवाग्रामात एप्रिल उतरणीला लागला की दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात: माळ्यावरचा कूलर आणि काकाजींचा विरोध. कूलरला दरवर्षी वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात. विरोधाला काही लागत नाही. तो बारमाही आहे, उन्हाळ्यात फक्त जोर धरतो.

काकाजी नात्यानं माझे कुणी नव्हेत, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पण वर्ध्याकडं दर आळीला एक काकाजी असतातच. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले, अंगात खादीचा सदरा, खिशात पेन आणि घरात येऊ घातलेल्या कुठल्याही नव्या गोष्टीला पहिलं उत्तर, “कायले?” फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी माठाच्या बाजूनं किल्ला लढवला. फ्रिज आल्यावर पहिली थंड बाटली त्यांनीच रिकामी केली आणि आठवड्याभरात कोणत्या खणात काय ठेवायचं यावर त्यांचाच हुकूम चालू लागला. या जातीचा माणूस ज्या गोष्टीवर पुढं हक्क सांगणार असतो, तिला आधी कडाडून विरोध करून घेतो.

तर पुण्याहून मुलाचा फोन आला. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून युरोप. पॅरिस, स्वित्झर्लंड, मराठी माणसांचाच ग्रुप, जेवण मराठी, सगळं ठरवलेलं.

“कायले जाचं तिकडं?” काकाजी म्हणाले. “काय ठेवलं हाय?”

मुलगा म्हणाला, “बाबा, इथं सेहेचाळीस डिग्री असतं. थोडं थंड ठिकाणी जाऊ.”

काकाजींनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. “बापू सेवाग्रामले कधी आले रे? ३० एप्रिल १९३६. भर उन्हाळ्यात, मगनवाडीतून पायी. लोकं उन्हाळ्यात इथं राहाले येत होते, अन् तुमी उन्हाळ्यात इथून पळून रायले!”

यापुढं सहसा कुणी बोलत नाही. सेवाग्रामातल्या घरात बापूंचं नाव निघालं की वाद संपला असं समजायचं. पण नात सातवीत आहे आणि तिच्या हातात फोन असतो. ती म्हणाली, “आजोबा, गांधीजी १९३१ मध्ये स्वतः स्वित्झर्लंडला गेले होते. जिनिव्हाच्या तळ्याकाठी, व्हिलनव्हला, रोमाँ रोलाँकडे राहिले होते.”

काकाजींना हे माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते पुराव्यात सादर व्हायला नको होतं. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “ते डिसेंबरात गेले होते. सीझन नसताना. तवा भाडं कमी असते.”

त्या वाक्यात होकार होता, हे काकूंनी ओळखलं आणि त्या लगेच स्वेटर शोधायला उठल्या.

व्हिसाचा अर्ज भरताना ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात ‘मुलाचा आग्रह’ लिहावं असा काकाजींचा हट्ट होता. ‘पर्यटन’ लिहिलं तर उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरून त्यांनी वहीत गुणाकार मांडला, तीस लाख आले. त्या दिवशी संध्याकाळी ते मला फाटकापाशी गाठून म्हणाले, “पाहा, इथं मी आजारी पडलो तर माह्या हाती पपईच्या पानाचा रस देते. तिथं पडलो तर तीस लाख.” आवाजात तक्रार होती की अभिमान, ते कळलं नाही.

खरा तमाशा सामानाचा. माणशी २३ किलो. सुनेच्या बॅगेत चपलांचे चार जोड दिसले तेव्हा काकाजींनी सगळ्यांना बैठकीत बसवून एडनची गोष्ट सांगितली. गोलमेज परिषदेला निघालेल्या बापूंनी ‘राजपुताना’ बोटीवर सोबत्यांच्या पेट्यांचा ढीग पाहिला, ते संतापले आणि जास्तीचं सामान एडनहून परत धाडलं. मार्सेयला उतरले तेव्हा कस्टमवाल्याला दाखवायला काय होतं, तर चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीच्या दुधाचा डबा. गोष्ट खरी आहे आणि काकाजी ती चांगली सांगतात. सुनेनं निमूटपणे दोन जोड काढले. त्यानंतर काकाजींची बॅग काट्यावर ठेवली, ती २७ किलो भरली. आत वर्ध्याच्या गोरस भंडारचे गोरसपाकाचे पुडे, चिवडा, लिंबाचं लोणचं, ज्वारीच्या लाह्या, आणि बरणीत गाईचं साजूक तूप. दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, असं मुलानं सांगितलं.

“बकरीचं दूध चालते, गाईचं तूप चालत नाही?”

“ते १९३१ होतं, बाबा.”

“मंग इंग्रज बरे होते म्हना.” हे वाक्य सेवाग्रामात, आश्रमापासून हाकेच्या अंतरावर, भर दुपारी उच्चारलं गेलं. काकूंनी आधी खिडकी लावली, मग तुपाची बरणी माझ्याकडं आणून दिली.

मुंबईपर्यंत सेवाग्राम एक्स्प्रेसनंच जायचं, ही अट मात्र त्यांनी सोडली नाही. नागपूरहून विमान होतं, मुलगा पैसेही भरत होता. पण आपल्या गावाच्या नावाची गाडी असताना दुसऱ्या कशानं का जावं? गाडीत बसल्यापासून इगतपुरीपर्यंत ते समोरच्या माणसाला ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चपासून कशी बंद झाली ते समजावत होते, असं काकूंनी नंतर सांगितलं.

पॅरिसला उतरल्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या. काकाजींची आली नाही. कोणत्या तरी भलत्याच शहरी गेली होती. सून घाबरली, मुलगा विमान कंपनीच्या खिडकीशी वाद घालू लागला आणि काकाजी प्रवासात पहिल्यांदाच प्रसन्न दिसले. त्यांनी ग्रुपमधल्या ठाण्या-नाशिकच्या मंडळींना गोळा करून सांगितलं, की आमच्या गावाचं मूळ नाव सेगाव. बापूंचं टपाल पार त्या गजानन महाराजांच्या शेगावला जायचं. म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. “नावाचा घोटाळा बापूले चुकला नाही, तर माह्या बॅगेचं काय घेऊन बसले?” पुढचे दोन दिवस ते खांद्याच्या एका शबनमवर राहिले, रात्री सदरा धुवून सकाळी तोच घालत, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या सुटकेसकडं करुणेनं पाहत. सादगीचा एवढा अहंकार मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. तिसऱ्या दिवशी बॅग आली तेव्हा त्यांनी आधी गोरसपाकाचे पुडे मोजले.

काकाजी दिवेलागणीच्या प्रार्थनेनंतरच जेवतात. चाळीस वर्षांचा नेम. पॅरिसमध्ये मे महिन्यात सूर्य साडेनवाच्या सुमाराला मावळतो. पहिल्या संध्याकाळी ते हॉटेलच्या खिडकीशी प्रार्थनेला तयार होऊन बसले. सात वाजले, आठ वाजले, ऊन हलेना. ग्रुपचं जेवण आटोपलं. नऊला नात झोपली. त्यांनी घड्याळही मागं केलं नव्हतं, त्यात मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणजे घड्याळानुसार उद्या उजाडला होता आणि आभाळानुसार आज संपला नव्हता. त्याच हिशेबानं पहाटे साडेचारला त्यांना जाग यायची, तेव्हा पॅरिसात रात्रीचा एक वाजलेला असायचा. अंधारात बसून गुणगुणणाऱ्या सासऱ्यांना पाहून सून एकदा दचकून किंचाळली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या ठाणेकरांनी टूर मॅनेजरला उठवलं.

आयफेल टॉवरसमोर सगळे फोटो काढत होते. काकाजींनी मॅनेजरला विचारलं, लोखंड १८८९ चं, गंजलं कसं नाही? उत्तर आलं, साधारण दर सात वर्षांनी रंगवतात, सुमारे ६० टन रंग लागतो, हातानं ब्रशनं मारतात. काकाजी भारावले. मग वळून मुलाला म्हणाले, “आपल्या फाटकाले रंग देऊन किती वर्षं झाले?” टॉवरचा तेवढा एकच उपयोग त्यांना दिसला. तो क्षण फोटोत आहे: मागं टॉवर, पुढं खाली मान घातलेला मुलगा.

स्वित्झर्लंडनं मात्र त्यांना अर्ध्यात जिंकलं. झ्युरिकमध्ये बाराशेच्या वर सार्वजनिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, फुकट. वर्ध्याच्या माणसाला फुकट थंड पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. काकाजी प्रत्येक कारंज्याशी थांबले, ओंजळीनं प्यायले, बाटली भरली. तासाभरानं रेल्वे स्टेशनवर स्वच्छतागृहाच्या दाराशी अडले. आत जायला नाणी. त्यांनी फ्रँकचा भाव लावला आणि हादरले.

“पाणी फुकट, अन् सोडाले दीडशे रुपये!” त्यांनी मला तिथूनच फोन केला. “याले म्हणते धंदा!”

हे फोन रोजचे होते. युरोप उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं, त्यामुळं त्यांची सकाळची न्याहारी म्हणजे माझी दुपारची डुलकी. कूलरचं बटण बंद आहे ना, तुळशीला पाणी घातलं का, तुरीचा भाव काय. तुपाची चौकशी वेगळी. न्याहारीला पोहे मिळाले, पण तर्री नव्हती, हेही कळलं. इतक्या दूर येऊन पोहे कशाला, असं त्यांनी त्याच फोनवर विचारलं.

काकूंविषयी ते फोनवर काही बोलत नसत. नातीनं एक फोटो पाठवला होता. ल्युसर्नच्या तळ्याकाठी बाकावर काकू एकट्या बसल्या आहेत, हात मांडीवर, काही करत नाहीत. मे महिना म्हणजे कुरडया, पापड, सरगुंडे, वर्षाचं लोणचं आणि दुपारी दोनदा कूलरमध्ये बादल्या. लग्न झाल्यापासूनचा हा पहिला मे, ज्यात त्यांनी गच्चीवर काही वाळत घातलं नाही. टूरची किंमत कुठं वसूल झाली असं मला कुणी विचारलं, तर मी तो बाक दाखवीन. काकाजींच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण बसायला पैसे लागले नाहीत.

युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन आहे. १९१२ पासून गाडी डोंगराच्या पोटातून तिथं चढते. सगळ्यांनी जाड जॅकेटं घातली. काकाजींनी पांढरा दुपट्टा काढला आणि आपण लू लागू नये म्हणून बांधतो तस्साच, कान-नाक झाकून, डोळे तेवढे उघडे ठेवून बांधला. बर्फावर पाऊल ठेवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलाला वाटलं दम लागला. नातीनं हात गरम करायला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कांदा बाहेर काढला. आमच्याकडं उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, ऊन बाधत नाही म्हणून. तो सेवाग्रामहून निघाला होता आणि चार विमानतळ ओलांडून बर्फात पोचला होता.

“आजोबा, इथं ऊन कुठंय?”

“पाहून घे वर,” काकाजी म्हणाले. “हेच ऊन हाय. फक्त इथं त्याचं काही चालत नाही.”

परतले तेव्हा नवतपा लागला होता. फाटक उघडलं, घरातून भट्टीसारखी झळ आली, आणि काकाजी समाधानानं म्हणाले, “हां. याले म्हणते घर.” दुसऱ्या दिवशी तूप परत नेलं. बरणी उघडून पातळी पाहिली.

आता ते युरोपचे एकमेव इतिहासकार आहेत. काकूंना, मुलाला, सुनेला बोलायची सोय नाही. संध्याकाळी आश्रमाच्या रस्त्यावर फिरताना ‘आमच्या इंटरलाकनले’ अशी सुरुवात होते. वर्धा नगरपालिकेची नळयोजना झ्युरिकच्या कारंज्यांपुढं कशी कमी पडते, हे त्यांनी मला समजावलं आहे. मी अजून परदेश पाहिलेला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. “काहून जात नाही तुमी? पैसा काय वर घेऊन जाता?” फाटकाला नवा रंगही दिला, स्वतः ब्रशनं.

मागच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. पुढच्या उन्हाळ्यात जपान. काकाजींचं उत्तर भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं.

आपल्याही घरात असे एखादे काकाजी असतील तर माझी सूचना एवढीच, की त्यांची परवानगी मागत बसू नका. पासपोर्टची मुदत आधी पाहा, त्यांचं तिकीट सगळ्यांच्या आधी काढा, त्यांना विरोध करायला महिनाभर मोकळीक द्या आणि निघायच्या दिवशी खिसे तपासा.