सदाकोने उमेळ्यात यावं कुठून?

भयपट बघून घाबरण्याचा माझा कोटा १९९३ सालीच संपला. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू बघून आल्यावर बहिणीची बाहुली मी महिनाभर कपाटात कोंडली होती. (बहीण अजून बोलून दाखवते.) पुतण्या मात्र जपानी अ‍ॅनिमेवर पोसलेला. ‘तुंबाड’ त्याला ‘बरा’ वाटला. खरी भीती म्हणे जपानी, १९९८च्या ‘रिंगू’तली सदाको. विहिरीतून वर येते, टीव्हीतून बाहेर सरपटते.

आता ही बया आमच्या वसईच्या उमेळ्यात येणार कुठून? वसईतल्या कितीतरी विहिरी, बावखलं (गावतळी) बुजवून वर सोसायट्या झाल्या. टीव्हीतून यावं, तर मोठा पाऊस लागला की वीज गेलेली. दिवे येईपर्यंत बिचारी आत गुदमरायची.

भुतं राहू देत, अ‍ॅनिमेत ‘इसेकाई’ नावाचाही प्रकार असतो. नायकाला ट्रक उडवतो आणि तो दुसऱ्याच जगात डोळे उघडतो. पुतण्याला हे फार अद्भुत वाटतं. त्याचं कॉलेज अजून वसईतच आहे ना! एकदा सकाळी आठला वसई रोडवरून चर्चगेट लोकल पकड म्हणावं. ट्रक लागत नाही.