पायऱ्या उडवून मदत

घाटघरच्या बाजूने जुन्नरजवळचा जीवधन किल्ला चढताना वरच्या टप्प्यात पायऱ्या एकदम संपतात. पुढे सरळ कातळ. गडी खोबणीत बोटं खुपसतो आणि १८१८ साली पायऱ्या उडवणाऱ्या इंग्रजांच्या नावाने बोटं मोडतो. शेजारच्या चावंडवरही तोच उद्योग झालेला.

पण हे साहेब काही वाट चुकून जुन्नरात आले नव्हते. आपणच बोलावलं होतं! ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली, तसे पेशवे दुसरे बाजीराव पळत पळत शेवटी वसईला. ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह. इंग्रज ‘रक्षणाला’ निदान सहा हजारांची पायदळ फौज देणार आणि तिच्या पोटापाण्यासाठी पेशवे २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देणार. म्हणजे राखणदार ठेवला आणि पगारात शेतच लिहून दिलं. मे १८०३ मध्ये बाजीराव पुन्हा गादीवर बसले. मोहीम फत्ते! पंधरा वर्षांत गादीच गेली. राखणदार मात्र १९४७ पर्यंत हलला नाही.

अशी ‘मदत’ पुढेही थांबली नाही. २००३ साली इराकात महासंहारक अस्त्रं शोधायला अमेरिकेच्या फौजा गेल्या. अस्त्रं सापडली नाहीत, तेल मात्र होतं तिथेच होतं. अफगाणिस्तानातून तालिबानला हाकलायला गेलेले वीस वर्षांनी परतले, ते काबूल तालिबानच्याच हाती ठेवून. मंचरच्या बाजारातला अडत्याही हिशेबाची पट्टी देतो. अशा मदतीत तीही मिळत नाही.

असो. जीवधनला जाल तर दोर घरचा न्या.