शांत व कौटुंबिक वस्ती

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकामागच्या ज्या वाड्यात माझा जन्म झाला, त्याची वाटणी होऊन माझ्या हिश्श्याला पावणेदोन खोल्या आणि अर्धा जिना आला, तेव्हा अर्धा जिना चढल्यावर पुढे काय करावे हा प्रश्न मला पडण्यापूर्वीच आमच्या कुटुंबाने वर्तमानपत्रातील एक जाहिरात कापून माझ्या चहाच्या बशीखाली सरकवून ठेवली. ‘शांत व कौटुंबिक वस्तीत प्लॉट देणे आहे’ एवढाच तिचा मजकूर होता. ही दोन विशेषणे एकाच वस्तीला एकाच वेळी कशी लागू पडावीत, अशी शंका कोणत्याही विवाहित गृहस्थाला यावयास हवी होती. परंतु मी त्या वेळी क्षेत्रफळाने किमतीला भागण्यात गढून गेलो असल्यामुळे ती मला आली नाही, आणि नंतर आली तेव्हा मुद्रांक शुल्क भरून झाले होते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की नागपुरात उपनगर नसते, ‘ले-आऊट’ असते. मालगुजाराच्या वा शेतकऱ्याच्या वावरात चुन्याच्या रेघा ओढल्या, कोपऱ्यात मारुतीसाठी चतकोर जागा सोडली आणि उरलेल्या जमिनीचे चौकोन पाडले, की तूर उगवण्याचे थांबून तेथे सेवानिवृत्त माणसे उगवू लागतात. शहर वसवण्याचे काम पद्धतशीर व्हावे म्हणून 1936 साली येथे सुधार प्रन्यास स्थापन झाला. पण प्रन्यासाच्या पुढे चार पावले वावरे धावत राहिली, आणि मग 2001 साली गुंठेवारीचा कायदा करून त्या धावणाऱ्यांना नियमित करण्याची पाळी सरकारवर आली. त्यामुळे नागपुरी सोयरिकीत मुलाच्या पगारानंतरचा प्रश्न ‘गोत्र कोणते’ हा नसून ‘प्लॉट 572 ले-आऊटांच्या यादीतला की 1900 च्या’ हा असतो, आणि ‘आर. एल. झाले आहे’, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र हाती आहे, हे ऐकल्यावर वधूपित्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, ते छत्तीस गुण जुळल्यानेही पसरत नाही.

आमचा ले-आऊट बेशाच्या बाजूला, मनीषनगरचे रेल्वे फाटक ओलांडून पलीकडे. सीताबर्डीपासून अंतर म्हणाल तर मुंबईचा मनुष्य तेवढ्या वाटेत डुलकीसुद्धा पुरती घेत नाही. पण महालातल्या माझ्या आप्तांनी मला निरोप दिला तो काशीला निघालेल्याला द्यावा तसा. फाटकाने त्यांची भीती अगदीच खोटी ठरवली असे नाही. ते पडले की दिल्लीची, मद्रासची, हावड्याची आणि मुंबईची अशा चारी दिशांच्या गाड्यांना वाट करून दिल्याशिवाय उठत नसे, आणि तेवढ्या अवधीत शेजारच्या स्कूटरवरील अनोळखी गृहस्थाशी ओळख होऊन त्याच्या मेहुण्याच्या बदलीपर्यंत गोष्ट येई.

मौजा, पटवारी हलका, खसरा क्रमांक, तहसील व जिल्हा अशी सगळी उतरंड दस्तऐवजात नोंदवून आम्ही राहावयास आलो, आणि पहिल्याच रात्री मला झोप आली नाही. महालात पहाटे कोतवालीकडून कोणीतरी कोणाला तरी हाक मारी, नळावर घागरी आदळत, दोन घरे सोडून कोणाचा तरी खोकला तीन पिढ्यांपासून चालू असे; त्या सर्वांच्या गजरात मी पन्नास वर्षे निर्धास्त घोरलो होतो. येथे मात्र रात्री दहानंतर अशी काही शांतता पसरली की माझ्या मनगटावरील घड्याळ चालते आहे, हे मला प्रथमच ऐकून कळले.

शांतता ही पारदर्शक वस्तू आहे, हे ज्ञान तिसऱ्या दिवशी झाले. सकाळी कुंपणापाशी उभा होतो, तो पश्चिमेकडचे शेजारी, जे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असून ज्यांना सर्व वाहत्या गोष्टींची नोंद ठेवण्याची सवय आहे, सहानुभूतीने म्हणाले, “काय भाऊसाहेब, काल डाळ शिजली नाही वाटते? सात शिट्ट्या झाल्या जी.” मी चकित होऊन घरात आलो आणि पत्नीला विचारले, तेव्हा डाळ खरोखरीच जुनी निघाली होती. त्यानंतर आमच्या घरचे काहीच आमचे राहिले नाही. पाटवडीच्या रश्शाला फोडणी पडली की पूर्वेकडून शिंक येई. सांबारवडी तळली की दक्षिणेकडच्या काकू रिकामी वाटी परत करण्याच्या निमित्ताने येत, आणि ती वाटी आम्ही त्यांना कधी दिली होती हे आम्हांला आठवत नसे. (सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचा नव्हे. या एका शब्दापायी आमच्या पुण्याच्या जावयाने पहिल्याच दिवाळसणाला, वडी पातळ कशी नाही, असे विचारले होते.)

महालात भिंतीला भिंत लागून होती, पण खाजगीपण होते, कारण गलक्याचा पडदा जाड असतो. तेथे नवराबायको कडाडून भांडली तरी शेजारच्या पितळेच्या भांड्यांच्या ठोक्यात ते भांडण विरघळून जाई. शिवाय वर्षाकाठी एकदा, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघे आणि खोकला, ढेकूण, महागाई यांसारख्या साऱ्या पीडा तिच्याबरोबर घेऊन जाण्याविषयी अवघे शहर बेंबीच्या देठापासून ओरडे. वर्षभराचा साठलेला कंठ त्या एका सकाळी मोकळा होई. ले-आऊटमध्ये तान्हा पोळा होतो, पोरे लाकडी नंदी घेऊन शिस्तीने रांगेत उभी राहतात, त्यांना बक्षिसे मिळतात. मारबत मात्र येत नाही. तिच्याऐवजी रहिवाशांची सभा भरते, आणि सभेत एकाच विषयावर दोन-दोन तास मोठ्याने बोलले जाते, तो विषय म्हणजे वस्तीची शांतता.

आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात मतभेद नव्हते असे नाही, परंतु ते उच्चारण्याची सोय होती. येथे आल्यावर आम्ही कुजबुजून भांडू लागलो, आणि कुजबुजीत भांडणाचे व्याकरणच बिघडते. ‘तुमच्या आईने’ या शब्दांना जो आघात लागतो, तो श्वासावर तोलता येत नाही. आणि प्रतिपक्षाने ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारले, की उत्तमातले उत्तम वाक्यही दुसऱ्यांदा फिके पडते.

यातून आमची सुटका केली ती उन्हाळ्याने. नागपूरचा कूलर हे यंत्र ज्याने पाहिले नाही, त्याला ते समजावणे कठीण. पत्र्याची एक भली मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या (येथील भाषेत खसच्या) किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळाशी पाणी, ते पाणी वर चढवून ताट्यांवरून ठिबकवणारा इवलासा पंप, आणि आत गिरणीला शोभेल असा पंखा. आमच्याकडील वारा कोरडा असल्यामुळे त्या ओल्या ताट्यांतून येताना तो पाणी पिऊन निवतो. हेच यंत्र मुंबईच्या दमट हवेत लावले तर मनुष्य थंड न होता शिजेल. एप्रिल उजाडला की घरोघर हे धूड खिडकीला जोडले जाते आणि जी घरघर सुरू होते ती पहिल्या पावसापर्यंत थांबत नाही. 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. आम्ही उभयतांनी त्या दुपारी, साऱ्या ले-आऊटचे कूलर एका सुरात गर्जत असताना, गेल्या चार वर्षांचे तुंबलेले सर्व मुद्दे दारे-खिडक्या लावून निकालात काढले. संध्याकाळी दोघांनाही इतके हलके वाटले की आम्ही फुटाळा तलावावर जाऊन कुल्फी खाल्ली.

पुढे हा क्रमच पडला. जूनच्या मध्यावर हवा ओली झाली की कूलर निरुपयोगी होत, बंद होत, आणि आमचे वाद दप्तरदाखल होऊन पुढील एप्रिलची तारीख घेत. रीतीप्रमाणे पावसाळ्यानंतर कूलर काढून, टाकी खरवडून, रंग देऊन गच्चीवर ठेवायचा असतो. 2018 च्या ऑक्टोबरात मी पाना घेऊन निघालो, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, राहू द्या यंदा. गोणपाट टाका वरून.” मी कारण विचारले नाही.

त्या वर्षीच्या डिसेंबरात धाकट्या भावाचे पत्र आले, की अर्ध्या जिन्याचे हक्कसोडपत्र करून द्यावे. माझे मत, द्यावे. पत्नीचे मत, ज्या जिन्यावरून तिने बारा वर्षे पाण्याच्या घागरी वर नेल्या तो फुकट देण्याचा मला अधिकार काय. रात्री अकराला कुजबुजीत आरंभलेली ही सुनावणी साडेबाराला अशा मुद्द्याशी आली, की पुढचे वाक्य कुजबुजून बोलणे हा त्या वाक्याचा अपमान ठरला असता. ती शांतपणे उठली, खिडकीशी गेली, गोणपाट आत ओढून घेतले आणि कूलरचे बटण दाबले. बाहेर थंडीने कहर केला होता. 29 तारखेच्या त्या पहाटे नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरल्याचे मागाहून वाचले. आम्ही दोन-दोन रजया पांघरून, दात वाजत असताना, जिन्याच्या प्रत्येक पायरीचा स्वतंत्र विचार केला.

दीडच्या सुमारास पत्नी एकाएकी गप्प झाली आणि तिने बोट वर केले. पश्चिमेकडूनही घरघर येत होती. काही वेळाने दक्षिणेकडून तिसरी मिसळली.

सकाळी शेजारी कुंपणापाशी भेटले. कानाला मफलर, डोळे जागरणाने लाल.

“भाऊसाहेब, रात्री तुमचा कूलर चालू होता का जी?”

“मोटर जाम होते हो फार दिवस बंद ठेवली तर,” मी म्हणालो.

“बरोबर आहे,” ते गंभीरपणे म्हणाले, “आम्ही बी त्याच्यासाठीच लावला.”