माशांच्या पंगतीत प्लास्टिक

भंडारा जिल्ह्यातल्या तलावांना वाटेकरी पुष्कळ. सिहोऱ्याकडचं चांदपूर घ्या, नाहीतर गावोगावचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. पाणी सरकारचं, पाळी शेतकऱ्याची, मासळी ढिवरांच्या संस्थेची, काठ सहलीवाल्यांचा. पिशवी मात्र कोणाचीच नाही. ती वाऱ्याने आली म्हणे. चांदपूरच्या मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलला होता. भक्तांना जेवलेला द्रोण उचलवत नाही.

बंदी आहे, नाही कशाला? राज्याची 2018 पासून, केंद्राची 2022 पासून. केंद्राने तर पिशवीची जाडीही ठरवून दिली : किमान 120 मायक्रॉन. उन्हाला आणि पाण्याला ही अधिसूचना कोणी वाचून दाखवली नसावी. ते जाड पिशवीचाही भुगा करतात, फक्त जरा सावकाश. तुकडा पाच मिलिमीटरच्या आत आला की त्याचं नाव मायक्रोप्लास्टिक, आणि गिऱ्हाईक मासा.

कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिघांना एकत्र पाळतात. प्लास्टिकनेही कोणाला उपाशी ठेवलेलं नाही : पॉलिथिन तरंगतं, नायलॉन बुडतं, आणि शेवाळ चढलं की पॉलिथिनही खाली बसतं.

बरं, दोष एकट्या सहलीवाल्यांचा नाही. मत्स्यबीज येतं ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, खाद्य येतं प्लास्टिकच्या गोणीत, जाळं नायलॉनचं, आणि बाजारात मासा पुन्हा पिशवीत. मासा प्लास्टिकमधून येतो, प्लास्टिकमधून जातो. मधल्या काळात प्लास्टिक त्याच्यातून जातं.

हे कण प्रामुख्याने सापडतात माशाच्या आतड्यात. मोठ्या माशाचं पोट आपण काढून टाकतो; बारीक मासळी आणि झिंगे पोटासकट रश्शात पडतात. मोठा मासा विकायचा, बारीक घरी खायची, ही गरिबाघरची रीत. तेव्हा कचरा कोणाचा आणि ताट कोणाचं, हे वेगळं सांगायला नको.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये अन्नातल्या मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास हाती घेतला; लखनौ, कोची, पिलानीच्या संस्था कामाला लागल्या. अभ्यास जरूर व्हावा. पण काठावरची पिशवी उचलायला अहवाल लागत नाही. बीज विकणाऱ्याने रिकाम्या पिशव्या परत घ्याव्यात, तलावाचा ठेका देणाऱ्याने फाटकी जाळी जमा करून घ्यावी. ठेक्याचा रुपया न रुपया मोजणारं खातं आहे. पिशव्या मोजताना त्याचं गणित कच्चं निघू नये.