हातोडा दोनदा पडला की

मालवणातल्या एखाद्या जुन्या घरी देवघरात शिवराई निघाली, की गजालींना आठवडाभर दुसरा विषय नको. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा. तेव्हा हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांनी स्वतः आपल्या खापरपणजोबांच्या हातावर ठेवलं, याबद्दल घरात दुमत नसतं. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवराई पार पेशवाईतही पाडली जात होती, हे सांगणारा पाहुणा त्या दिवशी चहाला मुकतो.

मग कुणीतरी मोबाइलवर वाचतं, की दुहेरी अक्षराचं नाणं लाखांत जातं. भिंग निघतं. "काका, बघा हां, 'शि' दोन दिसतत!" काका शांतपणे म्हणतात, "आधी चष्मो पूस."

चष्मा पुसूनही 'शि' दोनच दिसतात, आणि त्याला कारण आहे. लाखांची ती ख्याती अमेरिकेच्या १९५५च्या सेंटसारख्या नाण्यांची. तिथे ठसा घडवतानाच मूळ साचा त्यावर दोनदा दाबला गेला आणि मध्ये जरासा फिरला. चूक ठशातच मुरली, त्यामुळे त्याखालचं प्रत्येक नाणं सारखंच दुहेरी निघालं. शिवराईचा ठसा कारागिरानं हातानं कोरलेला. साचाच नाही, तर तो दोनदा दाबणार कोण? इथे घाव दोनदा पडला आणि मध्ये तांब्याची चकती सरकली. भिंगाखाली पाहा: पहिल्या घावाची अक्षरं दुसऱ्यानं चेपलेली दिसतील. दुसरी शिवराई अशी चुकेलच असं नाही, आणि चुकली तरी वेगळ्या जागी. खिशातल्या रुपयावर अक्षराच्या कडेला चपटी पायरी दिसली, तर तो बहुधा यंत्रातल्या ढिल्या ठशाचा प्रताप. त्या रुपयाला रुपयाचाच चहा.

एवढं कळेपर्यंत घरातली आजी शांत बसलेली नसते. ताम्हन घासायला घेतलेल्या चिंचेत तिनं शिवराईही घासून लख्ख केलेली असते. तीनशे वर्षं खाऱ्या वाऱ्याला पुरून उरलेला तांब्याचा काळसर रंग दहा मिनिटांत मोरीत जातो आणि त्याच्याबरोबर संग्राहकाचा उत्साहही.

तेव्हा शिवराई सापडली तर घासू नका, भिंगातून बघा आणि जाणकाराला दाखवा. "आधी थोडी फी भरा, मग लाखो देतो" म्हणणाऱ्याचा फोन मात्र ठेवून द्या. अशा जुन्या नाण्यांच्या व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्येच सावध केलं आहे.