अंधाराचं देणं

मार्गशीर्षातले गुरुवार जवळ आले की फुलवाल्यांच्या टोपल्यांत शेवंतीचं राज्य सुरू होतं. गुलाब काय, बारमाही. त्याला ऋतूची भीडमुर्वत नाही. शेवंती मात्र जुन्या वळणाची. दिवस आखडून रात्र पुरेशी लांबल्याशिवाय कळी धरायची नाही, हा तिचा नेम. एक फूल हातात घेऊन हलकेच सुटं करून बघावं: आपण जिला पाकळी म्हणतो, ती प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र इवलंसं फूल असतं. एवढं खटलं एका देठावर नांदवायचं, तर मुहूर्त पाहावाच लागणार!

हा मुहूर्त काढतात पानं. झाडं दिवसरात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात, हे गार्नर आणि अॅलर्ड यांनी १९२० साली अमेरिकेत दाखवून दिलं. पुढे रशियात चायलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग केले. रात्र मोजतात पानं, आणि त्यांचा सांगावा पोचल्यावर फुलतो शेंडा. घरोघरी असंच असतं म्हणा. हिशेब एकाकडे आणि मिरवणं दुसऱ्याकडे.

पण इतक्या नेमस्त बाईला चकवणंही सोपं. पॉलिहाऊसवाले ऐन मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावतात. एका लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि शेवंतीला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. ती बिचारी कळीचा विचार सोडून नुसती उंच होत राहते. दांडा बाजाराला हवा तेवढा झाला, की दिवे बंद. मग तिची ‘थंडी’ सुरू होते, मालकाच्या सोयीनं.

आमच्या शेजारच्या काकूंच्या कुंडीवर असा कुणाचा डाव नाही. आहे तो फक्त गॅलरीसमोरचा रस्त्यावरचा दिवा. तो रात्रभर जळतो. काकू रोज सकाळी पाणी घालताना विचारतात, “काय गं बाई, काय कमी केलं तुला?” कमी काहीच नाही. खत आहे, ऊन आहे, माया तर भांडंभर सांडते आहे. फक्त दिवेलागणीनंतर तिला कुणी एकटं सोडत नाही.

तेव्हा यंदा शेवंती लावणार असाल, तर कुंडी घराच्या, रात्री काळोख असतो अशा बाजूला ठेवा. आणि कळी आली का हे बघायला रात्री दिवा लावू नका, सकाळी बघा.