सव्वा काय?

भाची यंदा दहावीला. चाचणीचा पेपर नाचवत, तणतणतच घरात शिरली. गच्चीवरून सोडलेला दगड २ सेकंदांत जमिनीवर पोचतो. गुरुत्व त्वरण १० धरा. गच्चीची उंची काढा, दगडाचा अखेरचा वेग काढा. हिने दोन्हीकडे नुसतं '२०' लिहिलेलं. गणितं बरोबर, आणि दोन्हीकडे अर्धा गुण कापलेला.

"मामा, वीस म्हणजे वीसच ना!"

"अगं, एक वीस मीटर, दुसरे वीस मीटर प्रति सेकंद. पहिल्या विसावर पापड वाळत घालता येतात, दुसरे वीस डोक्यात बसतात."

ती हसली, तसा मला चेव आला. १९९९ साली मंगळापाशी पोचलेलं अमेरिकेचं यान याच पायी गेलं, म्हटलं. एका चमूने आकडे पौंडाच्या हिशेबात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले. एका पौंडात जवळजवळ साडेचार न्यूटन! यान नको तितकं खाली उतरलं आणि संपलं.

"त्यांचाही अर्धाच गुण कापला?"

यावर मामाकडे उत्तर नव्हतं.

आठवड्याने सरावाची वही आली. आता प्रत्येक आकड्याला एकक चिकटलेलं. काचेचा अपवर्तनांक: १.५ मीटर प्रति सेकंद. म्हटलं, बाई, ही तर माझी सकाळी दूध आणायला जायची चाल!

"वेगाला वेगाने भागलंय, मग वेगाचं एकक नको?" तिचा आवाज रडवेला.

स्वयंपाकघरात आई सत्यनारायणाच्या प्रसादाची तयारी करत होती. "रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा," ती स्वतःशीच पुटपुटली.

भाचीचे कान टवकारले. "आजी, सव्वा काय?"

"माणसं किती त्यावर. घरचीच असली तर वाटी, आळी जेवायची तर किलो. माझ्या लहानपणी शेर होता."

किलो आपल्या बाजारात आला १९५८ च्या ऑक्टोबरात. शेर हळूहळू दुकानातून गेला, पण म्हणीतून हलला नाही. 'किलोस सव्वा किलो' म्हटलं तर भांडण रंगत नाही, वाण्याची यादी वाटते.

आईची वाटी पितळेची, काठाला चांगला पोचा आलेली. २०१९ पर्यंत साऱ्या जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ कडीकुलपात जपलेला धातूचा एक दंडगोल होता. आमच्या घरचं प्रमाण मात्र शिंकाळ्याखालच्या फळीवर उघडंच असतं.

"आजी, वाटीला पोचा आहे. माप चुकेल."

"चुकेल कसं? रव्यालाही हीच, साखरेलाही हीच, तुपालाही हीच. पोचा सगळ्यांना सारखाच की!"

भाची क्षणभर वाटीकडे बघत राहिली. मग काही न बोलता तिने खोडरबर घेतला आणि १.५ च्या पुढचं सगळं पुसून टाकलं.